हयात संगीतकारांचं चेंबर म्युझिक, पुण्यात: तीन रविवार झाले, चौथ्याला कोण कोण येतंय?

तानपुरा_कोथरूड | सोमवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन म्हणत होते पण काल रात्री घरी आल्यावर झोपच लागेना म्हणून सकाळी चहाच्याही आधी हे टाइप करतेय.

फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एरंडवण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये चेंबर म्युझिकची (छोट्या खोलीत मोजक्या वादकांनी वाजवायचं पाश्चात्य संगीत) मालिका चालू आहे. एकूण चार रविवार, त्यातले तीन झाले, शेवटचा मे मध्ये. स्ट्रिंग क्वार्टेट आहे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. अट एकच ठेवलीय की जे वाजवायचं ते हयात माणसानं लिहिलेलं हवं. मोत्झार्ट नाही, बीथोव्हन नाही.

मी गाणं शिकलेय, बावीस वर्षं, किराणा घराण्याच्या वळणाचं. पाश्चात्य नोटेशन मला वाचता येत नाही. पहिल्या रविवारी गेले ते मैत्रिणीकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून. साठ खुर्च्या, माणसं चाळीस-पंचेचाळीस, माइक नाही, वाजवणारे मधे आणि आपण चारी बाजूंनी. मी व्हायोलाच्या मागे दीड हातावर बसले होते, त्या बाईंच्या गजावरचा राळेचा भुगा दिसत होता मला.

पहिली रचना कॅरोलाइन शॉ यांची, 'आंत्राक्त'. शॉ यांचा जन्म १९८२ चा आणि ही रचना २०११ ची. हायडनच्या एका जुन्या क्वार्टेटमधला मिन्युएट, म्हणजे नाचाच्या चालीचा भाग (१७९९ च्या सुमाराचं काम) ऐकून त्यांना हे सुचलं. सुरुवात अगदी घरंदाज, जुन्या नाचाची लय, आणि मग हळूहळू सूर पातळ होत जातात आणि एका जागी सूर उरतच नाही, तारेवरून गज फिरतोय आणि नुसता श्वास ऐकू येतोय. पुन्हा सूर येतो, पुन्हा विरतो. शेवटी एकटा चेलो, गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो, आणि संपलं.

माझ्या शेजारचे काका हळूच म्हणाले, "बिघडलं का काही?" आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

पण मध्यंतरानंतर तीच रचना त्यांनी परत वाजवली. पूर्ण. दर रविवारी एक रचना दोनदा वाजवायची असा त्यांचा नियमच आहे. दुसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की सूर विरतो ते काही अपघातानं होत नाही, तिथे चौघं एकमेकांकडे बघून एकत्र विरतात, आपल्याकडे षड्ज सोडताना गायक आणि तानपुरे एकत्र शांत होतात ना, अगदी तस्सं. मला भरून आलं एकदम.

दुसऱ्या रविवारी टेरी रायली होते, त्यांच्याबद्दल कोणीतरी जाणकारानं इथे लिहा प्लीज कारण किराण्याशी काहीतरी नातं आहे असं निवेदनात आलं आणि मला नीट ऐकू आलं नाही. आणि काल तिसऱ्या रविवारी हेल्मुट लाखेनमान यांचं 'ग्रान टॉर्सो'. ते अवघड होतं. त्यावर खाली चर्चा होईलच, काही ओळखीची मंडळी मध्यंतरात उठून गेली, मी पाहिलंय.

माझं म्हणणं एवढंच की डिसेंबरात सवाईला सतरंजीवर तासनतास बसणारं हे शहर, इथे चाळीस माणसं का? आपले कान तयार आहेत. छोटी खोली, जवळून ऐकणं, एकेका सुराला वेळ देणं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. मे च्या शेवटच्या रविवारी या. कोथरूडहून माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

पेठेतला | सोमवार, सकाळी ९:४२

ताई, उठून गेलेल्यांतला एक मीच. म्हणून लिहितो.

मी सवाईला रमणबागेत असल्यापासून जातो. नवीन काही ऐकायचंच नाही असा माझा हट्ट नाही. पण काल जे झालं त्याला मी संगीत कशाच्या जोरावर म्हणू ते मला कोणीतरी सांगा. सम नाही, ठेका नाही, स्वर नाही, वीस मिनिटं लाकूड घासल्याचा आवाज. व्हायोलिनच्या तारा सोडून त्या खालच्या पट्टीवर गज. एप्रिलची उकाड्याची संध्याकाळ, पंखे बंद, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि मधे तर कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना, व्हायोलावाल्या बाई गज ओढतायत आणि आवाज शून्य. त्या वेळात बाहेरून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली आणि मला ती जास्त सुरेल वाटली, हे मी मनापासून सांगतोय, हिणवायला नाही. रचनाकार हयात आहे हे त्याचं भाग्य, पण तेवढ्यानं रचना चांगली होत नाही.

मंद्रसप्तक | सोमवार, दुपारी १:०५

तानपुराताई, रायलींचं सांगतो, हा माझा आवडीचा विषय.

टेरी रायली, जन्म जून १९३५, कॅलिफोर्निया. १९६४ मध्ये त्यांनी 'इन सी' लिहिलं. ५३ छोटे छोटे स्वरसमूह, कितीही वादक, प्रत्येकानं क्रमानं जायचं पण एकेक तुकडा किती वेळा घोळवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि १९७० मध्ये हा माणूस पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शागीर्द झाला, ते थेट १९९६ मध्ये पंडितजी गेले तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं. प्राणनाथ कोणाचे, तर उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे. किराणा! आणि किराण्याचे दुसरे खांब अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे भीमसेनजी. म्हणजे ज्या घराण्यावर आपलं शहर वाढलं त्याच घराण्याची एक फांदी कॅलिफोर्नियात गेली.

पुढची गंमत ऐका. रायलींनी मधली कित्येक वर्षं नोटेशन लिहिणं सोडूनच दिलं होतं, स्वतःच वाजवायचे, बरंचसं उत्स्फूर्त. मिल्स कॉलेजात ते शिकवत होते तिथेच क्रोनॉस क्वार्टेट मुक्कामाला आलं आणि क्रोनॉसचे डेव्हिड हॅरिंग्टन त्यांच्या मागेच लागले की आमच्यासाठी लिहा. त्यातून १९८० मध्ये 'सनराइज ऑफ द प्लॅनेटरी ड्रीम कलेक्टर' आलं, तुम्ही मार्चमध्ये ऐकलंत ते हेच असणार. त्यातही तुकडे आहेत आणि कोणता कधी घ्यायचा हे वाजवणारे ठरवतात. वीसेक वर्षांपूर्वी मी ते पहिल्यांदा सीडीवर ऐकलं आणि मला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं, तरी वाटलं की हा माणूस कुठेतरी तानपुऱ्याजवळ बसलेला आहे.

पेठेतले काका, तुम्ही मार्चच्या रविवारी यायला हवं होतंत.

कॅम्पवाली | सोमवार, सायंकाळी ६:३०

मी व्हायोलिन शिकवते, कॅम्पात, तीसेक वर्षं होतील. कालच्या कार्यक्रमाला होते.

पेठेतले, तुमचा त्रास मला पूर्ण समजतो आणि तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहिते. 'ग्रान टॉर्सो' १९७१-७२ चं आहे. नेहमीच्या नोटेशनमध्ये लिहिलेलं असतं की कोणता स्वर वाजवा. लाखेनमान लिहितात की हात काय करणार. गज घोडीच्या (तारांखालचा लाकडी आधार) अलीकडे की पलीकडे, दाब किती, किती सेकंद, लाकडानं की केसांनं. आवाज काय येईल ते त्या कृतीचं फळ. ती "खालची पट्टी" म्हणजे टेलपीस, जिला तारा बांधलेल्या असतात. तिच्यावर गज ओढला की जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि तेच हवंय त्यांना. सगळी खोली त्या एका हाताकडे बघत कान टवकारून बसते. पंखे त्यासाठी बंद होते, उकाड्यात ते सोपं नव्हतं, मान्य.

स्वर नाही म्हणालात, ते बरोबरच आहे, फारसा नाहीच. पण ताण आणि सोडवणूक आहे. काल व्हायोलाचा तो जवळजवळ न ऐकू येणारा जो भाग होता त्यानंतर पहिल्यांदा एक साधा छेडलेला सूर आला तेव्हा माझ्या शेजारचा कॉलेजातला मुलगा दचकून सरळ बसला. मी तीस वर्षं मुलांना सूर "चांगला" काढायला शिकवतेय आणि काल मला पहिल्यांदा नीट दिसलं की चांगल्या सुराच्या पोटात केवढी घासाघीस दडलेली असते. एरवी आम्ही ती लपवतो.

दोनदा काल ते वाजवलं नाही, दुसरी रचना दोनदा वाजवली, आणि माझ्या मते ही आयोजकांची चूक झाली. जे अवघड तेच परत ऐकवायला हवं होतं.

नदीपलीकडे | सोमवार, रात्री ९:१५

कॅम्पवालीबाई, चूक मान्य. मी या मालिकेच्या मदतनीसांपैकी एक, तिकिटं फाडणं खुर्च्या मांडणं वगैरे. "लोक पळून जातील" या भीतीनं आम्ही लाखेनमान एकदाच ठेवला, वादक मात्र दोनदा वाजवायला तयार होते.

दोनदा वाजवण्याची कल्पना आमची नाही. १९१८ मध्ये व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबर्गनं एक मंडळ काढलं होतं, फक्त सभासदांसाठी. नवीन संगीत भरपूर तालमी करून वाजवायचं आणि पुन्हा पुन्हा वाजवायचं. टाळ्यांना बंदी, निषेधालाही बंदी. समीक्षकांना प्रवेश नाही. आज काय वाजणार हे आधी सांगायचंच नाही, म्हणजे लोक नाव बघून घरी बसायला नकोत. तीनेक वर्षं चाललं ते. आम्ही त्यातला फक्त पुन्हा वाजवण्याचा भाग उचलला, टाळ्या बंद करायची आमची हिंमत नाही झाली आणि पुण्यात ते शक्यही नाही, दाद दिल्याशिवाय माणूस बसूच शकत नाही इथे!

खर्चाचं पण सांगून ठेवतो, कारण चारशे रुपये तिकिटावरून मला दोघांनी फोनवर ऐकवलं. संगीतकार हयात आहे म्हणजे कॉपीराइट चालू आहे. हायडनचे कागद कोणीही छापून घेऊ शकतो, पण नव्या रचनेचे पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वादकाचे कागद, प्रकाशकाकडून विकत घ्यावे लागतात नाहीतर भाड्यानं, आणि ते पैसे युरोत किंवा डॉलरमध्ये. शिवाय हॉलचं भाडं, शिवाय मागच्या खेपेला ऐन कार्यक्रमात जनरेटर सुरू झाला (हॉलचं नाव घेत नाही, त्यांनी नंतर सहकार्य केलं) त्यामुळे आता आम्ही आदल्या दिवशी सगळं तपासायला एक जास्तीचा स्लॉट घेतो, त्याचेही पैसे. साठच्या साठ खुर्च्या भरल्या तरी आमचं जेमतेम निभतं.

चेलोची_आई | मंगळवार, सकाळी ११:२०

पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, चेलो शिकते. दर शनिवारी आम्ही दोघी डेक्कन क्वीननं मुंबईला क्लासला जातो, चेलो दोघींच्या मधे उभा, लोक विचारतात एवढ्या मोठ्या पेटीत काय आहे. (विमानानं न्यायचा तर त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं, खरंच सीटवर बसवून बेल्ट लावतात.) मला स्वतःला संगीतातलं काही कळत नाही, मी बँकेत आहे.

क्रोनॉसवाल्यांनी एक फार मोठं काम केलंय, तरुण क्वार्टेटसाठी पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या आणि सगळ्यांचे कागद इंटरनेटवर फुकट ठेवले. माझी मुलगी क्लासमधल्या मुलांच्या क्वार्टेटमध्ये वाजवते, त्यांच्या सरांनी त्यातली एक निवडली आणि नंतर दुसरी एका वेगळ्या, तरुण संगीतकार बाईंची. त्या दुसऱ्या रचनेत एका जागी चेलोला असं काही लिहिलेलं होतं की हात पोचतच नव्हता. मुलीनं आठवडाभर रडून काढला. हात लहान आहेत, मला जमणारच नाही, सोडूनच देते चेलो, इथपर्यंत गेलं प्रकरण. सरांनी शेवटी बाईंना ईमेल केली. दोन दिवसांत उत्तर! की माफ करा, ती छपाईची चूक आहे, एक सप्तक खाली हवं, आणि तुमच्या चेलिस्टला माझ्याकडून सॉरी सांगा. मग व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं बोलल्या मुलांशी. एका मुलानं विचारलं की इथे एवढं हळू का लिहिलंय, तर त्या म्हणाल्या वाजवून दाखव तुला हवं तसं. ऐकलं, आणि म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, मी बदलते. आणि खरंच बदललं, नवीन पान पाठवलं.

त्या दिवसापासून माझी मुलगी बदललीय. पूर्वी तिला वाटायचं की कागदावर जे आहे ते देवाचं लिहिणं. आता तिला माहितेय की पलीकडे एक बाई बसलेली आहे, तिला विचारता येतं, तिची चूक होऊ शकते, आणि आपण तिच्या कामात एक ओळ बदलू शकतो. बीथोव्हनला कोणी ईमेल करू शकत नाही. हयात संगीतकार म्हणजे काय हे मला तरी त्या सॉरीमुळे कळलं.

कॅम्पवाली | मंगळवार, दुपारी १२:०२

चेलोची आई, किती छान लिहिलंत. त्या पन्नासांत आपल्या झाकीरभाईंचीही एक आहे, 'पल्लवी'. माझ्या मुलांनी ती बसवायला घेतली होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी तालीम होती, आम्ही रद्द नाही केली. मुलांनी वाजवली. हयात हा शब्द किती नाजूक आहे ते तेव्हा जाणवलं. मार्च २०२५ मध्ये संगीतकार सोफिया गुबायदुलिना गेल्या, त्याआधी २०२३ मध्ये काय्या सारियाहो. ज्यांना विचारायचंय त्यांना लवकर विचारून घ्या बाबांनो.

पेठेतला | मंगळवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

चेलोच्या ताई, तुमचा प्रसंग मनाला लागला. पण माझा मूळ प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे रचनाकार आणि गाणारा हे वेगळे नसतातच. बंदिश असते चार ओळींची, पण खरी रचना माणूस समोर बसून त्या क्षणी करतो. म्हणजे आमचं सगळंच संगीत हयात माणसाचं. मग पाश्चात्यांनी कागदावर लिहून दुसऱ्याला वाजवायला दिलेलं, त्याला "जिवंत" म्हणून वेगळं मिरवायची गरज का पडते? आणि धाग्यात कोणीतरी याला "बैठकीचं संगीत" म्हणेल त्याआधीच सांगतो, बैठक आणि हे एक नाही.

मंद्रसप्तक | बुधवार, सकाळी ८:२५

काका, मी म्हणणारच होतो. 😊 आणि अजूनही म्हणतो. चेंबर म्हणजे खोली. राजवाड्यातल्या, हवेलीतल्या खोलीत, पंचवीस-तीस माणसांसमोर, एका ओळीला एक वादक, पुढे काठी हलवणारा कंडक्टर नाही, एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवायचं. वाड्याच्या दिवाणखान्यात आपलं गाणं असंच व्हायचं. उत्स्फूर्तता नाही हे खरं, पण खोलीचं माप तेच, ऐकणाऱ्याची जबाबदारी तीच.

"गरज का पडते" याचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. हायडनच्या काळात जे वाजायचं ते बहुतेक सगळं ताजं असायचं, लिहिणारा बऱ्याचदा खोलीतच असायचा. एकोणिसाव्या शतकात हळूहळू जुन्या, गेलेल्या मोठ्या माणसांचं संगीत हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग झाला आणि नव्या माणसाला दारात उभं राहावं लागलं. तेव्हापासून मुद्दाम अशा मालिका कराव्या लागतात.

आणि काका, एक विचारू? आपल्याकडे नव्या बंदिशी बांधणारे आज पुण्यात कितीतरी आहेत. मैफलीत गाणारा सदारंगासारख्या जुन्या रचनाकाराचं नाव घेऊन सांगतो, पण समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाची बंदिश गायली तर त्याचं नाव किती वेळा घेतलं जातं?

तानपुरा_कोथरूड | बुधवार, सकाळी ८:५०

मंद्रसप्तक, हे वाचून मी थांबले. आमच्या गुरुजींनी बांधलेल्या चाळीसेक बंदिशी वहीत आहेत. मी जाहीर कार्यक्रमात त्यातल्या किती गायले? दोन. बाकी वेळा "पारंपरिक".

घनगर्द | बुधवार, रात्री ११:३०

धागा आत्ता पाहिला. मी कामानिमित्त काही वर्षं जर्मनीत होतो, तिथला एक अनुभव लिहितो.

गेओर्ग फ्रीडरिष हास, ऑस्ट्रियाचे, जन्म १९५३. त्यांचं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट २००१ चं, ते पूर्ण अंधारात वाजवायचं असतं. पूर्ण म्हणजे पूर्ण, दाराच्या वरचे हिरवे दिवेसुद्धा झाकलेले. चार वादक खोलीच्या चार कोपऱ्यांत, प्रेक्षक मधे. अंधारात कागद दिसत नाही म्हणजे सगळं पाठ. एक जण काहीतरी सुरू करून आमंत्रण देतो, बाकीचे ते स्वीकारतात किंवा नाही, त्यामुळे लांबी दर वेळी वेगळी होते. पेठेतले काका, तुमच्या उत्स्फूर्ततेच्या बरंच जवळ जातं हे. सुरू करायच्या आधी आम्हाला एक मिनिट अंधार करून दाखवला, ज्याला भीती वाटेल त्यानं बाहेर जावं म्हणून. एक बाई गेल्या.

मी राहिलो. पहिली पाच मिनिटं मला फक्त माझं स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. मग मागून डावीकडून एक स्वर आला आणि समोरून त्याला उत्तर, आणि मला लहानपणी गावाला लाइट गेल्यावर ओसरीवर पडून ऐकलेलं सगळं आठवलं, विहिरीवरचा रहाट, लांबचं कुत्रं, आजीचं पुटपुटणं. पुण्यात हे कोणी करेल का? नदीपलीकडे, ऐकताय ना?

नदीपलीकडे | गुरुवार, सकाळी १०:००

ऐकतोय. पाठ करायला वादकांना कित्येक महिने लागतील आणि अग्निशमनाचे नियम बघता बाहेर जायचे दिवे झाकायला कोणता हॉल परवानगी देईल माहीत नाही. पण यादीत लिहून ठेवलं.

शेवटच्या रविवारचा कार्यक्रम: आर्व्हो पेर्त यांचं 'श्पीगेल इम श्पीगेल' (पियानो आणि व्हायोलिन, पाहुणे पियानोवादक आहेत), आणि रीना इस्माइल यांचं 'रागमाला'. आणि तुम्हा सगळ्यांमुळे, 'ग्रान टॉर्सो'तला व्हायोलाचा भाग पुन्हा, आधी पाच मिनिटं समजावून. कूलर आणतोय, पण वाजवताना बंद ठेवावा लागेल.

तानपुरा_कोथरूड | जूनचा पहिला सोमवार, रात्री ९:४०

उशीर झाला लिहायला, घरी पाहुणे होते. पण लिहायचंच होतं.

शेवटचा रविवार, खुर्च्या साठ, माणसं सत्तरच्या वर, मागे सतरंजी टाकली. माझ्या गाडीतून तिघं आले, त्यात शेजारच्या जोशी काकू, वय ७८.

पेर्त यांचा जन्म १९३५ चा, एस्टोनियाचे, आणि ही रचना १९७८ ची. पियानो सबंध वेळ तीन तीन स्वर संथपणे मांडत राहतो, आणि व्हायोलिन लांब लांब सूर. मी नेहमीच्या सवयीनं पियानोचा मूळ स्वर षड्ज धरला आणि ऐकत गेले. पहिली ओळ दोनच सुरांची, गंधारावर येऊन थांबली. पुढची, पुन्हा गंधार. मग एक सूर वाढला, पुन्हा गंधार. मग अजून एक. मंडळी, ही बढत आहे! दर आवर्तनाला एकच सूर उघडायचा, घाई नाही, आणि न्यास, म्हणजे थांबायचा सूर, ठरलेला. मी जे बावीस वर्षं सकाळी उठून करते ते हा एस्टोनियाचा माणूस दहा मिनिटांत करत होता. जोशी काकूंनी माझा हात धरला तो संपेपर्यंत सोडला नाही. नंतर म्हणाल्या, "यांना कोणी शिकवलं गं हे?"

'रागमाला'बद्दल मी लिहीत नाही, ते पेठेतले लिहितील. हो, ते आले होते!

पेठेतला | जूनचा पहिला सोमवार, रात्री १०:२५

आलो होतो. आईला घेऊन.

रीना इस्माइल अमेरिकेत वाढलेल्या, ज्युलिअर्ड आणि येलला शिकलेल्या, भारतात येऊनही शिकल्या. २०१३ ची रचना, चार भाग, चार राग. निवेदनाकडे मी मुद्दाम लक्ष दिलं नाही, म्हटलं बघू ओळखता येतं का. पहिला बिहाग, लगेच कळला. दुसऱ्यात मालकंस, पण वेगात, लयीचे धक्के देत, मालकंस असा कधी ऐकला नव्हता. तिथे मला खटकलंही. मालकंसाला एवढी घाई का, त्याचं गांभीर्य सांडलं असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. मींडही चौघांची चार तऱ्हांची लागत होती, आपल्या कानाला ते जाणवतं. तिसऱ्यात बसंत आला तेव्हा मात्र मी मान खाली घालून ऐकलं. चेलोनं लावलेला तो एक सूर अजून कानात आहे.

लाखेनमानचा तो व्हायोलाचा भाग परत ऐकला. कॅम्पवालीबाईंनी आधी सांगितलं होतं की कानानं शोधू नका, हाताकडे बघा. बघितलं. या वेळी कुल्फीवाला आला नाही, बाहेर पावसाचे पहिले चार थेंब पत्र्यावर पडले आणि कोणीही हललं नाही. मला ते संगीत वाटलं का? अजून सांगता येत नाही. पण उठावंसं वाटलं नाही.

कॅम्पवालीबाई, एक विनंती. तो भाग कागदावर कसा लिहिलेला असतो ते मला बघायचंय. नोटेशन येत नाही मला, पण तुम्ही म्हणालात की तिथे स्वर नाहीच, हात लिहिलेला असतो.

कॅम्पवाली | जूनचा पहिला मंगळवार, सकाळी ७:५५

जरूर या. बुधवारी संध्याकाळी सहानंतर मुलांची तालीम असते, त्याआधी अर्धा तास आलात तर मी पानं काढून ठेवते. आईंनाही आणा, जिना नाही. फक्त हवा दमट झाली की खुंट्या फुगतात आणि मुलांना सुरात लावायलाच वीस मिनिटं जातात, तेवढं सोसावं लागेल.

चेलोची_आई | जूनचा पहिला मंगळवार, सकाळी ९:१०

आम्ही पण येऊ का बुधवारी? मुलीला त्या टेलपीसवर गज ओढून बघायचाय, घरी करू देत नाहीये मी.

कॅम्पवाली | जूनचा पहिला मंगळवार, सकाळी ९:१४

या की. चेलो घेऊनच या.